शांततेचे निःशस्त्र साक्षीदार

दरवर्षी २९ मे हा दिवस आंतरराष्ट्रीय शांतिरक्षक दिन म्हणून पाळण्यात येतो. १९४८ साली याच दिवशी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीने पॅलेस्टाइनमधील युद्ध थांबविण्याचे आवाहन केले आणि त्या युद्धबंदीवर देखरेख ठेवण्यासाठी लष्करी निरीक्षक देण्याचे ठरविले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिकार्याचा आरंभ येथून झाला. तेव्हापासून आजवर या कार्यात चार हजारांहून अधिक माणसांनी प्राण गमावले आहेत. अडीच लाखांहून अधिक भारतीयांनी या मोहिमांत सेवा केली असून सुमारे १८० भारतीय कामी आले आहेत. इतकी प्राणहानी अन्य कोणत्याही देशाने सोसलेली नाही.

शांतिसेना म्हटली की निळे शिरस्त्राण घातलेला, हाती बंदूक असलेला जवान डोळ्यांसमोर येतो. परंतु या कार्याचा आरंभ ज्यांच्यापासून झाला तो लष्करी निरीक्षक मात्र निःशस्त्र असतो. दोन सैन्यांच्या मधोमध तो नुसत्या कागद-पेन्सिलीनिशी, दुर्बिणीनिशी आणि बिनतारी यंत्रानिशी उभा असतो. त्याचे काम कोणते, त्याला धोका कशाचा आणि त्याच्या मोहिमा अपयशी का ठरतात, याचा विचार प्रत्येक सुजाण नागरिकाने करण्याजोगा आहे.

निरीक्षकाचे काम

लष्करी निरीक्षक हा बहुधा कॅप्टन, मेजर किंवा लेफ्टनंट कर्नल या हुद्द्याचा अधिकारी असतो. त्याचा देश त्याला ठरावीक मुदतीसाठी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सेवेत देतो. एका पथकात निरनिराळ्या देशांचे अधिकारी असावेत, असा संकेत आहे. त्यामुळे अहवालावर कोणा एका राष्ट्राचा रंग चढत नाही.

युद्धबंदी रेषेवरील निरीक्षण चौकीतून पाहणी करणे, पांढऱ्या मोटारीतून गस्त घालणे, दोन्ही बाजूंच्या सेनाधिकाऱ्यांशी संपर्क ठेवणे आणि तक्रार आल्यास जागेवर जाऊन चौकशी करणे, ही त्याची मुख्य कामे होत. तोफगोळा पडून झालेल्या खड्ड्याच्या आकारावरून तो कोणत्या दिशेने आला, हे त्याला ठरविता येते. गोळीबार आधी कोणी केला, रणगाडे कोणी पुढे आणले, गावात किती माणसे मेली, याची नोंद करून तो रोजचा अहवाल वरिष्ठांकडे पाठवितो. तो अहवाल मोहिमेच्या प्रमुखाकडून न्यूयॉर्कला आणि तेथून प्रसंगानुसार सुरक्षा समितीपुढे जातो.

ही सर्व व्यवस्था दोन गृहीतांवर उभी आहे. दोन्ही पक्षांना युद्धबंदी खरोखर हवी आहे, हे पहिले गृहीत. निरीक्षकाने जे पाहिले त्याची दखल घेऊन कोणीतरी कृती करील, हे दुसरे. यांपैकी एक जरी ढासळले, तरी निःशस्त्र माणसाचे संरक्षण करणारे काहीच उरत नाही.

दोन्ही गृहीते टिकली तर काय साधते, याचे उत्तम उदाहरण इराण-इराक सीमेवर दिसले. आठ वर्षांच्या युद्धाने थकलेल्या या दोन देशांनी १९८८ च्या ऑगस्टमध्ये युद्ध थांबविले आणि सुमारे साडेतीनशे निरीक्षक हजार किलोमीटरहून लांब अशा सीमेवर पोहोचले. किरकोळ चकमकी, पुढे सरकविलेल्या चौक्या, पाण्याचे अडविलेले प्रवाह अशा असंख्य तक्रारी त्यांनी जागच्या जागी मिटविल्या. युद्ध पुन्हा भडकले नाही आणि १९९१ साली मोहीम संपली. शांतिरक्षकांना १९८८ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले, ते याच काळात.

धोक्याचे प्रकार

निरीक्षकांच्या वाट्याला येणारे धोके पहिल्या मोहिमेपासूनच स्पष्ट झाले होते. पॅलेस्टाइनमध्ये मध्यस्थ म्हणून नेमलेले स्वीडनचे काउंट फोल्क बर्नाडोट यांची १७ सप्टेंबर १९४८ रोजी जेरुसलेममध्ये लेही या ज्यू अतिरेकी गटाने हत्या केली. त्यांच्या शेजारी बसलेले फ्रेंच निरीक्षक कर्नल आंद्रे सेरो हेही त्याच गोळीबारात मृत्युमुखी पडले. बर्नाडोट यांचे काम राल्फ बंच यांनी पुढे नेले आणि १९४९ मध्ये अरब राष्ट्रे व इस्राएल यांच्यात शस्त्रसंधीचे करार घडवून आणले.

पहिला धोका असा हेतुपुरस्सर हत्येचा. ज्याला युद्धबंदी नको असते, त्याला तिचा साक्षीदारही नको असतो. दुसरा धोका ओलीस ठेवले जाण्याचा. दक्षिण लेबनॉनमधील निरीक्षक गटाचे प्रमुख, अमेरिकेचे लेफ्टनंट कर्नल विल्यम हिगिन्स यांचे १७ फेब्रुवारी १९८८ रोजी भर रस्त्यातून अपहरण झाले आणि पुढे त्यांची हत्या करण्यात आली. १९९५ च्या मे महिन्यात बोस्नियात नाटोच्या विमानांनी बाँबहल्ले करताच बोस्नियन सर्ब सैन्याने संयुक्त राष्ट्रसंघाच्या तीनशेहून अधिक माणसांना पकडले. त्यांतील काही निरीक्षकांना दारूगोळ्याच्या कोठारांशी आणि अन्य संभाव्य लक्ष्यांशी साखळदंडाने जखडून ठेवण्यात आले. त्यांची छायाचित्रे जगभर झळकली आणि हवाई हल्ले थांबले.

तिसरा धोका दोन सैन्यांच्या माऱ्यात सापडण्याचा. २५ जुलै २००६ रोजी दक्षिण लेबनॉनमधील खियाम येथील निरीक्षण चौकीवर इस्राएली विमानाने टाकलेला बाँब पडला आणि ऑस्ट्रिया, कॅनडा, चीन व फिनलंड या चार देशांचे चार निःशस्त्र निरीक्षक ठार झाले. चौकी जुनी होती, तिच्यावर ठळक खुणा होत्या आणि मारा जवळ येत असल्याचे इस्राएली सैन्याला त्या दिवशी वारंवार कळविण्यात आले होते. ही चूक असल्याचे सांगून इस्राएलने खेद व्यक्त केला.

हे तिन्ही धोके निरीक्षकाच्या जिवाला आहेत. चौथा धोका मात्र त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्या सामान्य लोकांना असतो. निळा झेंडा दिसला की भयभीत लोक त्याच्या आश्रयाला येतात. येथे आपण सुरक्षित आहोत, अशी त्यांची समजूत होते. झेंड्यामागे बळ नसेल, तर ती समजूतच त्यांचा घात करते. याचे सर्वांत विदारक उदाहरण आफ्रिकेतील रुआंडा या लहानशा देशात घडले.

रुआंडा : पाहिलेले आणि न ऐकलेले

रुआंडातील हुतूबहुल सरकार आणि तुत्सींचे प्राबल्य असलेली रुआंडन देशभक्त आघाडी यांच्यात तीन वर्षे यादवी चालली होती. टांझानियातील आरुशा येथे ४ ऑगस्ट १९९३ रोजी करार झाला. तो अमलात आणण्यास साहाय्य करण्यासाठी सुरक्षा समितीने ५ ऑक्टोबर १९९३ रोजी मोहीम मंजूर केली. कॅनडाचे रोमेओ डॅलेअर यांची सेनाप्रमुख म्हणून नेमणूक झाली. पूर्वपाहणी करणाऱ्या पथकाने किमान साडेचार हजार माणसांची गरज सांगितली होती. मंजूर झाली ती २,५४८. त्यांत निःशस्त्र लष्करी निरीक्षकही होते. सोमालियातील मोहिमेत त्याच ऑक्टोबरात अमेरिकेचे सैनिक मारले गेल्याने मोठी राष्ट्रे आफ्रिकेतील नव्या जबाबदाऱ्या घेण्यास नाखूश होती.

११ जानेवारी १९९४ रोजी डॅलेअर यांनी न्यूयॉर्कला एक तातडीची तार पाठविली. राजधानी किगालीतील एका माहीतगाराने सांगितले होते की, इंटरहाम्वे या सशस्त्र टोळीला शहरातील सर्व तुत्सींची नोंद करण्याचा हुकूम मिळाला आहे. वीस मिनिटांत हजार माणसे मारता येतील अशी तिची तयारी आहे. आणि बेल्जियमच्या काही सैनिकांना ठार करून त्या देशाला आपली तुकडी माघारी नेण्यास भाग पाडण्याचा बेत आहे. शस्त्रे कोठे लपविली आहेत हेही त्याला ठाऊक होते. ती शस्त्रे दीड दिवसात जप्त करण्याचा विचार डॅलेअर यांनी कळविला. परंतु हे काम मोहिमेच्या अधिकारकक्षेत बसत नाही, असे मुख्यालयातून उत्तर आले. ही माहिती रुआंडाच्या राष्ट्राध्यक्षांना द्यावी, असे सांगण्यात आले. ज्यांच्या गोटातून कटाची वार्ता आली होती, त्यांच्याच प्रमुखाकडे ती पोहोचविण्याची ही सूचना होती.

६ एप्रिलच्या रात्री राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांचे विमान पाडण्यात आले. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान अगाथ उविलिंगियिमाना यांची हत्या झाली. त्यांच्या रक्षणासाठी पाठविलेल्या दहा बेल्जियन सैनिकांची शस्त्रे काढून घेऊन त्यांना ठार मारण्यात आले. तारेत वर्तविले होते, तेच घडले. बेल्जियमने आपली तुकडी परत बोलाविली.

किगालीतील एका तांत्रिक विद्यालयात बेल्जियन सैनिकांचा तळ होता आणि सुमारे दोन हजार लोक तेथे आश्रयाला आले होते. ११ एप्रिल रोजी सैनिक तेथून निघून गेले. बाहेर वाट पाहत असलेल्या टोळ्यांच्या हाती ते लोक सापडले आणि त्यांतील बहुतेक मारले गेले. २१ एप्रिल रोजी सुरक्षा समितीने मोहिमेची संख्या २७० वर आणण्याचा ठराव केला. कत्तल ऐन भरात असताना साक्षीदारांची संख्या कमी करण्यात आली. १७ मे रोजी साडेपाच हजारांचे बळ मंजूर झाले खरे, परंतु माणसे व वाहने येईपर्यंत सारे संपले होते. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली.

कॅप्टन म्बाय दियान

या अंधारात एका निरीक्षकाचे नाव मात्र आजही आदराने घेतले जाते. सेनेगलच्या सैन्यातील कॅप्टन म्बाय दियान हे निःशस्त्र लष्करी निरीक्षक म्हणून किगालीत होते. हस्तक्षेप करू नये, अशी वरून ताकीद होती. पंतप्रधानांच्या हत्येनंतर त्यांची मुले लपून बसली आहेत हे समजताच दियान यांनी त्यांना आपल्या मोटारीतून सुरक्षित ठिकाणी हलविले. त्यानंतरचे अनेक आठवडे ते एका वेळी तीन-चार माणसे मोटारीत दडवून टोळ्यांच्या नाक्यांमधून नेत राहिले. प्रत्येक नाक्यावर कोयते व बंदुका घेतलेली माणसे उभी असत. कोठे सिगारेट देऊन, कोठे हास्यविनोद करून, कोठे ओळखीचा उपयोग करून ते वाट काढीत. अशा रीतीने त्यांनी शेकडो लोकांचे प्राण वाचविले. डॅलेअर यांना याची कल्पना होती. परंतु त्यांनी आपल्या या अधिकाऱ्याला अडविले नाही.

३१ मे १९९४ रोजी एका नाक्यापाशी त्यांची मोटार थांबली असता उखळी तोफेचा गोळा जवळ पडून कॅप्टन दियान जागीच ठार झाले. थोड्याच दिवसांत ते मायदेशी परतणार होते. वीस वर्षांनंतर, २०१४ साली, सुरक्षा समितीने असामान्य धैर्यासाठी त्यांच्या नावाचे पदक सुरू केले. पहिले पदक त्यांच्याच कुटुंबीयांना देण्यात आले.

या कथेतून एका माणसाचे शौर्य दिसते, तसेच व्यवस्थेचे अपयशही दिसते. नियमांचे अक्षरशः पालन केले असते, तर दियान यांच्या हातून कोणीही वाचले नसते. स्वीडनचे माजी पंतप्रधान इंग्वार कार्लसन यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने डिसेंबर १९९९ मध्ये दिलेल्या अहवालात साधनांचा अभाव आणि राजकीय इच्छाशक्तीचा अभाव ही अपयशाची प्रमुख कारणे म्हणून नमूद केली. हिंसाचाराच्या काळात संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिकार्य विभागाचे प्रमुख असलेले कोफी अन्नान या वेळी सरचिटणीस होते. त्यांनी संघटनेच्या वतीने हे अपयश मान्य करून खेद व्यक्त केला.

सीरिया : चार महिन्यांची मोहीम

रुआंडानंतर धडे घेतले गेले नाहीत असे नाही. पण ते सर्वत्र उपयोगी पडले नाहीत. सीरियातील यादवी थांबविण्यासाठी कोफी अन्नान यांनीच सहा कलमी योजना मांडली आणि २१ एप्रिल २०१२ रोजी सुरक्षा समितीने ३०० निःशस्त्र निरीक्षक पाठविण्याचे ठरविले. नॉर्वेचे मेजर जनरल रॉबर्ट मूड त्यांचे प्रमुख होते.

निरीक्षक पोहोचले तेव्हा निरीक्षण करण्याजोगी युद्धबंदी फारशी उरली नव्हती. २५ मे रोजी हुला येथे शंभराहून अधिक लोकांची हत्या झाली आणि त्यांत लहान मुलांची संख्या मोठी होती. दुसऱ्या दिवशी तेथे जाऊन निरीक्षकांनी मृतदेह मोजले. जूनच्या आरंभी आणखी एका गावात हत्याकांड झाल्याचे कळल्यावर ते तेथे निघाले असता त्यांना अडविण्यात आले आणि त्यांच्या दिशेने गोळ्या झाडण्यात आल्या. १६ जून रोजी मूड यांनी गस्त थांबविली. ऑगस्टच्या आरंभी अन्नान यांनी राजीनामा दिला आणि १९ ऑगस्ट रोजी मोहीम संपुष्टात आली. निरीक्षकांनी पाहण्यात कसूर केली नव्हती. सुरक्षा समितीतील मोठ्या राष्ट्रांचे एकमत नव्हते, त्यामुळे त्यांच्या अहवालाला कृतीची जोड मिळाली नाही.

भारताचा अनुभव

या कार्याशी भारताचा संबंध जुना आहे आणि तो बहुपदरी आहे. जम्मू-काश्मीरमधील युद्धबंदी रेषेवर संयुक्त राष्ट्रसंघाचे निरीक्षक जानेवारी १९४९ मध्ये आले. १९७२ च्या सिमला करारानंतर त्यांच्या कामाचे प्रयोजन उरलेले नाही, अशी भारताची भूमिका आहे.

कोरियातील युद्ध १९५३ साली थांबल्यावर मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा प्रश्न तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाकडे आला. जनरल थिमय्या त्याचे अध्यक्ष होते आणि कैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय दलाची धुरा कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात यांच्याकडे होती. खवळलेल्या कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओढून कुंपणाच्या आत नेले, तेव्हा बळाचा वापर केला असता तर मोठा रक्तपात झाला असता. थोरात स्वतः आत गेले आणि एकही गोळी न झाडता, बोलण्यातून त्यांनी त्या अधिकाऱ्याची सुटका घडवून आणली. या कामगिरीबद्दल त्यांना अशोकचक्र वर्ग दोन देऊन गौरविण्यात आले. अपुऱ्या अधिकाराची जागा काही वेळा व्यक्तीचा संयम भरून काढतो, याचा हा दाखला आहे.

परंतु व्यक्तीच्या संयमावर सर्व काही सोपविता येत नाही, हे इंडोचायनात दिसून आले. १९५४ च्या जिनिव्हा करारान्वये व्हिएतनाम, लाओस व कंबोडियात देखरेख आयोग नेमण्यात आले. भारत अध्यक्ष, तर कॅनडा व पोलंड सदस्य होते. आयोगाच्या पथकांना प्रवासासाठी ज्यांच्यावर देखरेख करावयाची त्यांच्याच परवानगीवर अवलंबून राहावे लागे. कराराचा भंग दोन्ही बाजूंनी झाला, नोंदी होत राहिल्या आणि युद्ध वाढत गेले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी आयोगाचे विमान व्हिएंटिआनहून हनोईकडे जात असता नाहीसे झाले. त्यातील तेराही जण गेले. त्यांत भारतीयही होते.

याउलट पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनमध्ये २००० साली निराळे चित्र दिसले. मे महिन्यात तेथील बंडखोरांनी शांतिसेनेच्या सुमारे पाचशे माणसांना पकडले. कैलाहुन येथे भारतीय गुरखा पलटणीच्या दोन तुकड्या आणि अकरा लष्करी निरीक्षक वेढ्यात सापडले. शस्त्रे खाली ठेवण्यास भारतीय जवानांनी नकार दिला. सुमारे पंचाहत्तर दिवस वाटाघाटी चालल्या. त्या निष्फळ ठरल्यावर जुलैच्या मध्यावर मेजर जनरल व्ही. के. जेटली यांच्या नेतृत्वाखाली ‘ऑपरेशन खुकरी’ ही कारवाई झाली आणि वेढा फोडून सर्वांना बाहेर काढण्यात आले. या वेळी निरीक्षकांच्या पाठीशी बळ होते आणि ते वापरण्याचा निर्णय घेणारे नेतृत्वही होते.

बोध

अल्जीरियाचे मुत्सद्दी लखदर ब्राहिमी यांच्या समितीने ऑगस्ट २००० मध्ये शांतिकार्याच्या सुधारणेविषयी अहवाल दिला. मोहिमेची अधिकारकक्षा स्पष्ट असावी, दिलेल्या कामाच्या मानाने माणसे व साधने असावीत आणि सुरक्षा समितीला जे ऐकणे रुचेल ते न सांगता जे कळणे अवश्य आहे तेच सचिवालयाने सांगावे, हा त्याचा आशय होता. त्यानंतरच्या अनेक मोहिमांना सामान्य नागरिकांचे रक्षण करण्याचा अधिकार मुद्दाम देण्यात आला. भारतानेही २००० साली नवी दिल्लीत शांतिकार्याच्या प्रशिक्षणाचे केंद्र स्थापन केले असून तेथे लष्करी निरीक्षकांसाठी अभ्यासक्रम घेतले जातात.

या सर्व उदाहरणांवरून काही गोष्टी निश्चित होतात. जेथे शांतता आहे तेथे निरीक्षक ती टिकवू शकतो. जेथे ती नाही तेथे तो ती निर्माण करू शकत नाही. निरीक्षक पाठविण्यापूर्वी त्याच्या रक्षणाची आणि प्रसंगी त्याला परत आणण्याची तरतूद असली पाहिजे. निळा झेंडा जेथे उभारला जातो तेथे लोक विश्वासाने येतात, म्हणून त्या विश्वासाची जबाबदारी झेंडा उभारणाऱ्यांवर येते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, धोक्याची सूचना देणारा अहवाल आला की तो आपल्या कक्षेत बसतो की नाही एवढेच पाहून भागत नाही.

११ जानेवारीची तार वेळेवर लिहिली गेली, वेळेवर पोहोचली आणि वाचलीही गेली. तिच्यातील मजकूर नेमका होता. तरीही पुढील शंभर दिवस टळले नाहीत. गावातील साथीची, धरणाच्या भेगेची किंवा दोन वस्त्यांमधील तेढीची पहिली सूचना ज्यांच्या टेबलावर येते, त्या सर्वांनीच ही तार ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सूचना देणारा बहुधा कनिष्ठ असतो, दूर असतो आणि त्याच्या हाती अधिकार नसतो. त्याने पाहिलेल्या गोष्टीला अर्थ प्राप्त करून देणे हे वाचणाऱ्याचे कर्तव्य होय.